खंडेनवमीची ओळ

अष्टमीच्या सकाळी, नळाला पाणी असतानाच, बाळाने वरच्या चाळीतल्या एका भाडेकरूला कळशीने मारलं. तांब्याची कळशी, तीही भरलेली. तो माणूस रांग मोडून पुढे घुसला होता, एवढंच. कळशी जबड्यावर बसली. तो तोंड धरून खाली बसला, बोटांमधून रक्त आलं आणि रांगेतल्या बायकांनी आपापल्या बादल्या मागे ओढल्या. घाटकोपरच्या टेकडीवरच्या त्या चाळीत बाळाला बोलणारं कुणी उरलं नव्हतं, एक धोंडू घाडी सोडला तर.

धोंडू दाढी करत होता. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून तो जिना उतरला, बाळाची कॉलर धरली आणि सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत दिली. मग उलट्या हाताने दुसरी.

"ह्या हातान तुका पेज भरवलंय," तो म्हणाला. "त्याच हातान गाडतलंय."

बाळा हसला. आपल्या गालाला लागलेला साबणाचा फेस त्याने बोटाने पुसला आणि बोट लेंग्याला.

"काका, माणसं बघतायत."

"बघूंदेत. बघूकच दिलंय."

सुलक्षणा वर गॅलरीत केस विंचरत उभी होती. धोंडूची थोरली मुलगी, अंधेरीला एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला. वडिलांचा हात तिच्या ओळखीचा होता. गणितात मार्क कमी पडले तेव्हा तो तिच्याही पाठीत बसला होता, आणि मुलीला इतकं शिकवून करायचंय काय असं भावकीने विचारलं तेव्हा तोच हात भावकीवर उगारला गेला होता. त्या सकाळी तिला निराळं असं काही वाटलं नाही. चाळीत हाणामारी रोजचीच. भाडेकरूला कुणीतरी रिक्षात घातलं, रक्तावर बादली ओतली, रांग पुन्हा लागली.

बाळा शेजारच्या रुक्मिणीचा मुलगा. रुक्मिणी चार घरची भांडी घासायला जायची आणि पोरगं घाडींच्या चुलीपाशी बसलेलं असायचं. गिरणीचा संप फसला, धोंडूची गिरणी गेली ती गेलीच, आणि तो साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर, लागला. त्याच वर्कशॉपच्या शेठने पुढे बाळाला ठेवून घेतलं. लेथवर नव्हे. कुणी कामगार जास्त बोलायला लागला की बाळा त्याच्या बाजूला जाऊन नुसता उभा राहायचा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागायचं.

दाढी पुरी करून धोंडू चहाला बसला तेव्हा त्याचा राग उतरला होता.

"काय गे, तुमच्या मशीनीची उद्या पूजा होता मां?"

"होते ना. हार घालतात, नारळ फोडतात. मग परत सगळे कामाला बसतात."

"मगे ती कसली पूजा? खंडेनवमीक हत्याराक हात लावचो नाय. वर्साचो एक दिवस. माणसाक रविवार असता, त्येका काय?"

"आमच्या मशीनला सांगून ठेवता येतं बाबा, येईल त्याला परत पाठव म्हणून."

धोंडू बशी तोंडाशी नेता नेता थांबला. ही गोष्ट त्याला फारच आवडली. "असा? मगे सांग. माझ्या लेथाक सांगूक येयत तर किती बरा झाला असता," तो म्हणाला, आणि मीराला, धाकटीला, म्हणाला, "बघ, तुझी ताय मशीनीक शिकवता."

ऑफिसात सुलक्षणाने खरोखरच ते केलं.

तिथे बर्फासारख्या थंड, काचेच्या खोलीत मोठं मशीन होतं आणि बाहेरच्या हॉलमध्ये त्याला जोडलेली टर्मिनलं, म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. कुणीही टर्मिनलवर आपलं नाव आणि पासवर्ड टाकला की त्याच्यासाठी एक शेल सुरू व्हायचा. शेल म्हणजे माणूस आणि मशीन यांच्यामध्ये बसलेला दुभाषा. हा दुभाषा कामाला लागण्याआधी एक ठरलेली फाईल वरून खाली, ओळीओळीने वाचायचा आणि त्यात लिहिलं असेल ते करायचा. फाईल एकच, सगळ्यांसाठी. ती सांभाळणं हे सुलक्षणाचं काम होतं. तिने त्या फाईलच्या मधोमध दोन ओळी घातल्या. पहिलीत निरोप, रोमन अक्षरांतला पण मराठी: आज खंडेनवमी, यंत्राला विश्रांती. दुसरीत एकच इंग्रजी शब्द, अर्थ: बाहेर पड.

ही फाईल बदलायची तर एक पथ्य असतं. आपण बसलोय ते टर्मिनल चालू ठेवायचं, दुसऱ्या टर्मिनलवरून आत येऊन बघायचं, आणि सगळं ठीक आहे अशी खात्री पटेपर्यंत पहिल्यावरून उठायचं नाही. चूक झालीच तर तेवढा एक रस्ता मोकळा राहतो. सुलक्षणाने आपलं टर्मिनल चालू ठेवलं. दसऱ्याची सुट्टी झाली की लवकर येऊन त्यावरून त्या ओळी काढायच्या, असं तिने ठरवलं होतं.

नवमीला सगळ्यांनी गंमत म्हणून एकेकदा आत जाऊन पाहिलं. मशीन निरोप दाखवायचं आणि बाहेर काढायचं. केंकरे साहेब, कंपनीचे मॅनेजर, सर्वांत जास्त हसले. नारळ फुटला, पेढे वाटले, दुपारी ऑफिस सुटलं. सुलक्षणाने पेढ्यांचा पुडा घेतला आणि घाटकोपरच्या बसमधून साकीनाक्याला उतरली. वाटलं, बाबांना तिथेच तोंड गोड करावं आणि दोघांनी मिळून घरी जावं.

वर्कशॉपचं शटर अर्धं वर होतं. ती वाकून आत आली. लेथना झेंडूचे हार घातले होते. जमिनीवर लाल कापड, त्यावर नट आवळायचे लोखंडी पाने, हातोड्या, छिन्न्या अशी हत्यारं ओळीने मांडलेली, प्रत्येकावर हळदकुंकू. बाबा लेथपाशी उभे होते आणि बाळा त्यांच्यासमोर. मागे तिघे-चौघे कामगार.

"शेठचा माल आज जायला पाहिजे," बाळा म्हणाला.

"आज नाय."

बाळाने लेथवरचा हार ओढून काढला आणि बटण दाबलं. मशीन फिरायला लागलं. धोंडूने ते बंद केलं. बाळाने पुन्हा चालू केलं. धोंडूने पुन्हा बंद केलं आणि बटणावर तळहात ठेवून तसाच उभा राहिला.

"हात काढ, म्हाताऱ्या."

धोंडूने दुसऱ्या हाताने त्याच्या थोबाडीत मारली. आदल्या सकाळी मारली होती तशीच. कामगारांतला एक जण हसला. हसू लगेच गिळलं त्याने, पण ते ऐकू गेलं होतं.

बाळा खाली वाकला. लाल कापडावरचा सर्वांत लांब पाना त्याने उचलला आणि धोंडूच्या डोक्यात घातला.

आवाज फार मोठा झाला नाही. धोंडू उभाच होता. त्याचा हात अजून बटणावर होता आणि चेहऱ्यावर, कुणीतरी भलतंच काही विचारावं, तसं आश्चर्य. मग गुडघे गेले. तो लेथच्या कडेला आपटला आणि खाली आला. बाळाने त्याच्यावर वाकून पुन्हा मारलं, आणि पुन्हा, कपडे धुणाऱ्या बाईसारखं, एका लयीत. कामगार जमिनीकडे बघत होते. सुलक्षणाच्या हातातून पुडा कधी पडला ते तिला कळलं नाही. 

बाळाने पाना कापडाला पुसला, परत ओळीत त्याच्या जागी ठेवला, आणि मान वर केली. तेव्हा त्याला ती दिसली.

म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत धोंडूचा श्वास चालू होता, तिथे तो थांबला. कॉरिडॉरमध्ये बाळा तिच्याजवळ आला. त्यानेच टॅक्सी आणली होती, त्यानेच धोंडूचे पाय धरले होते. शर्टभर रक्त, आणि सगळे त्याच्याकडे कौतुकाने बघत होते.

"मीरा क्लासला नाल्याकडच्या रस्त्याने जाते ना?" तो हळू आवाजात म्हणाला. "सांभाळायला सांग तिला. कुत्री फार झालीत तिकडे."

हवालदार आला. वर्कशॉपचा शेठ म्हणाला, पाय घसरला, लेथवर डोकं आपटलं. कामगार म्हणाले, पाय घसरला. हवालदाराने तिला विचारलं, "मुली, तू काय पाहिलंस?"

"मी आले तेव्हा ते पडलेले होते," सुलक्षणा म्हणाली.

घरी तिने हेच सांगितलं. आयेला, मीराला, गावाहून आलेल्या काकांना, विचारील त्याला. विमला, तिची आई, ऐकून घ्यायची. शेवटची आंघोळ घालताना तिने नवऱ्याचं डोकं स्वतःच्या हाताने पुसलं होतं. तिने एकदाच विचारलं, तेही भिंतीकडे बघत:

"जखमेत कुंकू कसा होता गे?"

"पूजा होती ना, आये."

विमलाने मान हलवली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, आणि सुलक्षणाच्या ताटात वाढताना तिच्याकडे बघणंही सोडलं.

रुक्मिणी रोज पिठल्याचं पातेलं घेऊन यायची. सुतकात शेजाऱ्यांनी जेवण आणायचं असतं. बाळा बाहेर गॅलरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी द्यायचा, सामान आणायचा. काका म्हणाले, "पोटच्या मुलासारखा करता हा." सुलक्षणा ते पिठलं गिळायची आणि मोरीत जाऊन ओकायची. झोप लागली की ती पाना उचलायची. स्वप्नात पाना तिच्या हातात असायचा, खाली बाळाचं डोकं, आणि ती थांबायची नाही. जाग आल्यावर हाताला खरोखर रग लागलेली असे. आपल्याला काय हवंय हे तिला ठाऊक होतं. त्याचं डोकं फुटलेलं हवं होतं. नाहीतर निदान ते नाव तोंडातून बाहेर पडलेलं. आणि मीरा वेणी घालून क्लासला निघाली की दोन्हीही नको वाटायचं.

दसऱ्यानंतर वसुधा चाळीत आली. सुलक्षणाच्या शेजारच्या टर्मिनलवर बसणारी. बिचारी दाराबाहेरच उभी राहिली.

"मला विचारायलाही लाज वाटते गं," ती म्हणाली. "मशीन कुणालाच आत घेत नाही. तुझा खंडेनवमीचा निरोप दाखवतं आणि बाहेर काढतं."

"माझं टर्मिनल चालू आहे ना? त्यावरून..."

"तू गेल्यावर साहेब म्हणाले, विश्रांती तर पूर्ण विश्रांती, दोन दिवस एसी कशाला जाळायचा? मीच तुझ्या टर्मिनलवरून मशीन बंद केलं. माझ्या डोक्यातच आलं नाही. आता पुन्हा चालू केलं तर सगळ्यांची तीच गत. इंजिनिअर दिल्लीला गेलाय. तू फक्त पासवर्ड सांगितलास तरी..."

पासवर्ड सांगून भागलं नसतं, आणि भागलं असतं तरी सुलक्षणाने तो सांगितला नसता. घरातून बाहेर पडायला तिला काहीतरी हवं होतं. सुतकात बाहेर पडणार म्हणून काका कुरकुरले. विमला म्हणाली, "जाऊंदे तेका. घरात बसान काय करतला?" आणि किती दिवसांनी तिच्याकडे एकदा पाहिलं.

ऑफिसात लोक तिच्याशी हळू आवाजात बोलले. ती हॉलमधल्या टर्मिनलवर बसली. नाव टाकलं, पासवर्ड टाकला. आज खंडेनवमी, यंत्राला विश्रांती. आणि पुन्हा नाव विचारणारा पहिला पडदा. मशीनच्या मालकाचं, सगळे अधिकार असलेलं जे नाव असतं, तेही टाकून पाहिलं. तेच. फाईल वाचली जात असतानाच मधे थांबवायची कळ तिने दाबली, दहादा दाबली. उपयोग नव्हता. फाईलची पहिलीच ओळ अशी होती की मधे कुणी कितीही थांब म्हटलं तरी ऐकायचं नाही. ती ओळ पूर्वीपासून होती, आणि शहाणपणाची होती. कुणीही मधेच घुसू नये म्हणून.

राहिला एकच रस्ता. मशीन बंद करायचं आणि एकट्या माणसासाठी चालू करायचं. तशा वेळी काचेच्या खोलीतला एकच पडदा जिवंत होतो, मालकाचा पासवर्ड विचारतो, आणि ती फाईल वाचतच नाही. बाहेरची सगळी टर्मिनलं तोवर मेलेली.

चपला दाराशी काढून ती आत गेली. मशीन जागं व्हायला वेळ घेत होतं. डिस्क तपासून होत आली असताना शिपायाने दार ढकललं.

"मॅडम, तुमच्या घरून आलेत."

त्याच्यामागे बाळा होता.

"इथे बसतेस होय, सुले? झकास थंड आहे."

"इथे चपला बाहेर काढतात."

"माझे बूट आहेत," म्हणत तो आत आला. शिपाई गेला. बाळाने टाचेने दार लोटलं, काचेतून हॉलमधल्या लोकांना हसून नमस्कार केला आणि एक खोकं ओढून तिच्या शेजारी बसला. एसीच्या घरघरीत आतलं बोलणं बाहेर जात नसे. बाहेरून दिसली असती ती फक्त दोन माणसं, पाठमोरी.

"काकूला सांगून आलोय, सुलीला घेऊन येतो म्हणून. दिवस चालू आहेत, एकटी कशाला फिरतेस?"

"मला वेळ लागेल."

"लागू दे. मला काय घाई? उद्या फौजदार सही घ्यायला बोलावणार आहे, तेवढं सांगायचं होतं. हवालदाराला बोललीस तेच वाचून दाखवतील. सही कर, सुटलीस. परत कुणी विचारणार नाही."

पडद्यावर पासवर्डचा प्रश्न आला. तिने तो टाईप केला.

"काय दिसत नाय तू टाईप केलेलं," बाळा म्हणाला.

"पासवर्ड दिसत नाही."

"असंच पाहिजे माणसाने."

मशीनने तिला आत घेतलं. रोजचा लिहायचा प्रोग्रॅम या स्थितीत चालत नव्हता, कारण तो ज्या डिस्कवर होता ती अजून जोडलेलीच नव्हती. हाताशी होता तो जुना, आंधळा प्रोग्रॅम. फाईल तो आपणहून दाखवत नसे. अमुक नंबरची ओळ दाखव म्हटलं की दाखवायचा, पूस म्हटलं की पुसायचा, आणि काय केलं ते सांगायचा नाही. तिने आधी फाईलची प्रत करून ठेवली. मग ओळी एकेक मागवल्या. नववी, निरोपाची. दहावी, बाहेर पड.

"काय बिघडलंय याचं?"

"खंडेनवमीला कुणी मशीनला हात लावू नये म्हणून मी दोन ओळी घातल्या होत्या. काढायच्या राहिल्या."

बाळा मनापासून हसला. "तू पण? बापावर गेलीस अगदी. त्याचंही तेच. हात लावायचा नाय म्हणजे नाय. अर्धा दिवस लेथ फिरला असता तर कोण मरणार होतं?"

ते बोलून तो थांबला. सुलक्षणाने मान वळवली नाही. त्याने टेबलाखालून तिचा डावा हात ओढला, करंगळी मुठीत धरली आणि मागे वाकवायला लागला. वरून त्याचा चेहरा तसाच, हसरा.

"मी काय बोललो आता?"

"काही नाही."

"काय बोललो?"

"काहीच बोलला नाहीस, बाळा."

करंगळीच्या बुडाशी काहीतरी कट्‌ झालं. तिच्या डोळ्यांसमोर पांढरं आलं. ती ओरडली नाही. दातांत गालाचं मांस आलं आणि तोंडात रक्ताची चव. "तुझं काम कर," तो म्हणाला. बोट त्याने सोडलं नाही.

तिने उजव्या हाताने नववी ओळ पुसली. मग दहावी पुसली. फाईल जपून ठेवली.

हात सरावाचा होता म्हणून तपासायचं राहिलं नाही. वाचलेली प्रत्येक ओळ दाखवत जा, असं शेलला सांगता येतं. तिने सांगितलं. ओळी पडद्यावर उतरायला लागल्या: पहिली, दुसरी, तिसरी. आठवी आली. नववी आली: बाहेर पड. आणि पडदा तिथेच थांबला. खालची एकही ओळ आली नाही.

क्षणभर तिला उलगडेना. मग कळलं. नववी पुसली त्याच क्षणी खालच्या सगळ्या ओळी एकेक नंबर वर सरकल्या होत्या. दहावीची नववी झाली होती. दहावी म्हणून तिने पुसली ती भलतीच, कामाची ओळ. हाकलणारी ओळ जागेवर होती, फक्त आता निरोपाशिवाय. हे असंच चालू करून दिलं असतं तर येणाऱ्या प्रत्येकाला मशीनने एक शब्दही न बोलता बाहेर काढलं असतं आणि का ते कुणाला कधी कळलं नसतं. नवखी पोरं करतात ती चूक. ओळी पुसायच्या त्या खालून वर, हे ती इतरांना शिकवायची.

"झालं?"

"नाही. चुकलं."

"आरामात कर." त्याने करंगळी सोडली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला, घरच्या माणसासारखा. "एक सांगू? चाळीत सगळे म्हणतात, काका पडले. तुझी आई म्हणते, पडले. माझी म्हातारी देवासमोर रडते, म्हणते, कसा पडला गं माझा भाऊ. हे कुणी सांगितलं सगळ्यांना? मी? शेठ? आमच्यावर कोण विश्वास ठेवतो? तू सांगितलंस. शिकलेली पोरगी, सख्खी मुलगी. म्हणून मानलं सगळ्यांनी." तो पडद्याकडे बघत होता. आवाजात धमकी नव्हती. निवांत होता तो. "खरं सांगतो सुले, आता कधी कधी मलाच वाटतं, पडलेच असतील."

सुलक्षणाने जपून ठेवलेली प्रत परत जागेवर आणली. आधी दहावी ओळ पुसली, मग नववी. शेलला पुन्हा वाचायला लावलं. ओळी उतरत गेल्या, आठवी, नववी, दहावी, शेवटपर्यंत. ती प्रत्येक ओळीबरोबर खाली येत होती आणि प्रत्येक ओळीला तिला शटरखालून आत वाकणारी मुलगी दिसत होती. हार. लाल कापड. बटणावरचा तळहात. पाना. ती मुलगी, हवालदार, आणि ते वाक्य: मी आले तेव्हा ते पडलेले होते. त्या वाक्याशी सगळं थांबत होतं. त्याच्या पुढचं काहीच झालं नव्हतं. बाबांचं मरण सुद्धा.

मीरा तिला दिसली. नाल्याकडचा रस्ता दिसला. हा माणूस मीराला पिठलं वाढणार, उद्या, परवा, तिच्या लग्नातही पाणी वाटत फिरणार, हेही दिसलं.

तिने मशीनला सगळ्यांसाठी उघडायचा हुकूम दिला. काचेपलीकडे टर्मिनलं एकेक करून उजळली. कुणीतरी आत गेलं, मग दुसरं, मग हॉलभर आवाज झाला. "चालू झालं, चालू झालं." केंकरे साहेब आणि वसुधा चपला काढून दारातून आत आले, त्यांच्यामागे आणखी दोघे-तिघे.

"शाबास," केंकरे साहेब म्हणाले. "अशा दिवसांत आलीस, मी तर..."  त्यांनी बाळाकडे बघून हात जोडले. "तुम्ही घरचे का?"

"भाऊच समजा," बाळा म्हणाला आणि उठला. "चल सुले."

त्याने तिचा दंड धरला. वसुधाला तिची सुजलेली करंगळी दिसली.

"सुलक्षणा, हाताला काय झालं?"

"काही नाही हो," बाळा म्हणाला. "दारात चेमटलं."

सुलक्षणा उभी राहिली. दंड तिने सोडवून घेतला नाही. तो धरून आहे हे सगळ्यांना दिसत होतं, आणि ते दिसायला हवं होतं.  तोंडात अजून रक्त होतं. ते तिने गिळलं.

"दारात नाही," ती म्हणाली. "ह्याने मोडलं. आत्ता, इथे बसून."

"सुले."

"वसुधा, पोलिसांना फोन लाव. उद्या मी सही करायची आहे, ती करणार नाही. मी खोटं सांगितलंय." दंडावरची पकड हाडापर्यंत गेली. ती बाळाकडे वळली आणि त्याच्या तोंडावर, सगळ्यांना ऐकू जाईल इतकं स्पष्ट म्हणाली, "माझे बाबा पडले नाहीत. तू मारलंस त्यांना, पूजेतल्या पान्याने. खाली पडल्यावरही मारत होतास. मी दारात उभी होते, बाळा. मी सगळं बघितलं."